बाग सुधारली, हे कशावरून?

लँडस्केप डिझाइनच्या अभ्यासक्रमात ‘स्टुडिओ’ नावाचा एक मोठा विषय असतो. विद्यार्थ्यांना एखादी खरीखुरी जागा दिली जाते. एखादं ओसाड मैदान असेल, नाल्याकाठची पट्टी असेल किंवा वस्तीतली दुर्लक्षित बाग असेल. सेमिस्टरभर ते त्या जागेवर जातात, मोजमाप घेतात, लोकांशी बोलतात आणि शेवटी आराखडे मांडतात. परीक्षक येतात, गुण मिळतात, शीट्स गुंडाळून कपाटात जातात. कधी कधी मात्र त्यातलं काही प्रत्यक्षात बांधलं जातं. वस्तीत बाक येतात, झाडं लागतात, वाट होते.

मी विज्ञान शाखेतली. शहरातल्या मातीवर पीएच.डी. करते आहे, त्यामुळे माझं काम नमुने, ओव्हन आणि वजनकाटा यांच्याभोवती फिरतं. पण माती ज्या बागांमधून घेते, त्या बागांच्या निमित्ताने डिझाइनवाल्यांचं साहित्य वाचावं लागलं. नेट-सेट झालेले, पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: “असा प्रोजेक्ट केला तर ते संशोधन धरतात का? की ती नुसती समाजसेवा?”

उत्तर असं की दोन्ही होऊ शकतं, आणि दोन्हीपैकी काहीच न होण्याचीही शक्यता असते. बाग चांगली झाली म्हणजे संशोधन झालं असं नाही. तसंच प्रबंध चांगला झाला म्हणजे वस्तीचं भलं झालं असंही नाही. हा फरक नीट कळावा म्हणून अमेरिकेतली तीन कामं घेऊन बसू. तिन्ही ठिकाणी मूळ जागा साधीच होती, पण विचारलेले प्रश्न वेगळे होते.

मिल क्रीक: नकाशातून गायब झालेला ओढा

पहिलं काम फिलाडेल्फियाचं. अ‍ॅन व्हिस्टन स्पर्न या लँडस्केप आर्किटेक्ट. शहर आणि निसर्ग या विषयावरचं त्यांचं ‘द ग्रॅनाइट गार्डन’ हे पुस्तक १९८४ साली आलं. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत असताना, १९८७ मध्ये त्यांनी ‘वेस्ट फिलाडेल्फिया लँडस्केप प्रोजेक्ट’ सुरू केला. नंतर त्या एमआयटीत गेल्या, तरी काम चालू राहिलं. त्यांच्या स्टुडिओतले विद्यार्थी वर्षानुवर्षं त्याच भागात काम करत आले.

पश्चिम फिलाडेल्फियातल्या मिल क्रीक या वस्तीत तेव्हा रिकामे प्लॉट भरपूर होते. घरं पडलेली, गवत माजलेलं, कचरा साचलेला. सगळ्यांचं स्पष्टीकरण ठरलेलं: गरिबी, बेकारी, लोकांचं स्थलांतर. ते खोटं नव्हतं. पण स्पर्न आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रिकाम्या जागा नकाशावर मांडल्या आणि त्याच्याशेजारी जुने नकाशे ठेवले, तेव्हा एक गोष्ट समोर आली. या जागा कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. त्यातल्या बऱ्याच एका वळणावळणाच्या पट्ट्यात होत्या. तो पट्टा म्हणजे मिल क्रीक हा जुना ओढा आणि त्याचं पूरक्षेत्र.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ओढा मोठ्या गटारात बंद केला गेला. वर भराव टाकला, भरावावर घरं उठली. ओढा दिसेनासा झाला, पण पाणी आपली वाट सोडत नाही. भराव खचत राहिला, पाया हलत राहिला. १९६१ मध्ये गटार फुटून जमीन खचली आणि घरं पडली. शिवाय त्या गटारात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं. मोठा पाऊस झाला की ते भरून वाहतं आणि मैलापाणी थेट नदीत जातं.

इथे स्पर्न यांनी मांडलेली कल्पना साधी आणि जबरदस्त होती. वस्तीतले रिकामे प्लॉट आणि शहराचं सांडपाणी हे दोन वेगळे प्रश्न समजले जात होते. त्यांनी दोन्ही एकत्र बघितले. खोलगट रिकाम्या जागांवर बागा करायच्या, पावसाचं पाणी तिथे थोपवून मुरवायचं. गटारावरचा ताण कमी होईल आणि वस्तीला मोकळी जागा मिळेल.

आता तुम्ही संशोधक म्हणून बघा. यात संशोधन नेमकं कुठे आहे? बागेच्या सुंदर चित्रात नाही. ‘रिकाम्या जागांची मांडणी आणि बुजवलेलं पूरक्षेत्र यांचा संबंध आहे’ या विधानात आहे. हे विधान तपासता येतं, दुसऱ्या कुणाला खोडताही येतं. दुसऱ्या शहरात जाऊन तोच प्रश्न विचारता येतो. सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला हेच विचारा: माझ्या कामातून असं कोणतं वाक्य निघणार आहे, जे चूक ठरू शकतं? असं वाक्यच सापडत नसेल तर तुमच्याकडे अजून प्रोजेक्ट आहे, संशोधनाचा प्रश्न नाही.

ज्ञान कागदावर होतं, तरी घरं तिथेच बांधली गेली

मिल क्रीकची पुढची गोष्ट जास्त बोचणारी आहे. नकाशे तयार होते, निष्कर्ष मांडलेले होते. तरीही १९९४ मध्ये शहराच्या नियोजन आयोगाने पश्चिम फिलाडेल्फियाचा जो आराखडा केला, त्यात बुजवलेल्या पूरक्षेत्राचा धोका आलाच नाही. त्या पट्ट्यात नवी घरं बांधायचे बेत होत राहिले. गरीब कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेलं घर खचणाऱ्या जमिनीवर उभं राहणार होतं.

अहवाल देऊन भागत नाही हे दिसल्यावर स्पर्न आणि त्यांचे विद्यार्थी वस्तीतल्या शाळेत गेले. सल्झबर्गर मिडल स्कूल ही ती शाळा. १९९६ पासून विद्यापीठाचे विद्यार्थी तिथल्या मुलांबरोबर जुने नकाशे, फोटो आणि जनगणनेची आकडेवारी वाचू लागले. ती मुलं आपल्या वस्तीला ‘द बॉटम’ म्हणायची, म्हणजे तळ. त्यात हिणवण्याचा सूर होता. नकाशा वाचल्यावर त्यांना कळलं की त्यांची वस्ती खरोखरच खोलगट भागात, ओढ्याच्या तळाशी आहे. तिथे जे बिघडलं त्याला जमिनीचा आणि शहराच्या निर्णयांचा इतिहास आहे, त्यांच्या आईवडिलांचा आळस नाही. स्पर्न याला ‘लँडस्केप लिटरसी’ म्हणतात. आपण भूदृश्य-साक्षरता म्हणू.

वस्तीतल्या ‘अ‍ॅस्पेन फार्म्स’ या सामूहिक बागेसाठीही विद्यार्थ्यांनी आराखडे केले. तिथे प्रत्येकाचा स्वतःचा वाफा. एकत्र बसायला जागा हवी, पण त्यासाठी आपला वाफा कोण सोडणार? अशा वेळी तयार उत्तर पुस्तकात मिळत नाही, बागकाम करणाऱ्यांशी बोलूनच काढावं लागतं. बागेतली वाटच सगळ्यांची जागा होईल अशी आखणी झाली, आणि ती प्रत्यक्षात आली.

शाळेतला कार्यक्रम मात्र टिकला नाही. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने फिलाडेल्फियाच्या शाळांचा ताबा घेतला, या शाळेचं व्यवस्थापन बदललं, शिक्षक पांगले आणि उपक्रम थांबला. कल्पना मात्र शहरात फिरत राहिली. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या जल विभागाने ‘ग्रीन सिटी, क्लीन वॉटर्स’ नावाचा २५ वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. पावसाचं पाणी झाडं, माती आणि बागांमध्ये मुरवून गटारावरचा भार कमी करायचा, हाच त्याचा गाभा. १९८७ ते २०११ म्हणजे २४ वर्षं. तुमची फेलोशिप ५ वर्षांची. तेव्हा ‘माझ्या संशोधनाचा समाजावर परिणाम’ हा रकाना भरताना हात जरा आखडता घ्या.

लायन्स पार्क: एका बॅचचं काम नाही

दुसरं काम अलाबामा राज्यातलं. ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ १९९३ मध्ये सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी सुरू केला. आर्किटेक्चरचे विद्यार्थी हेल काउंटी या गरीब ग्रामीण भागात राहून स्वतःच्या हातांनी इमारती बांधतात. ग्रीन्सबरो या छोट्या गावात लायन्स पार्क नावाचं जुनं उद्यान आहे. २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या एका गटाने तिथल्या बेसबॉलच्या मैदानांना हात घातला. पुढच्या गटांनी स्वच्छतागृहं, स्केटपार्क, मुलांची खेळायची जागा अशी एकेक भर घातली. खेळायच्या जागेसाठी सुमारे २,००० वापरलेले पत्र्याचे पिंप जोडून भूलभुलैया केला. पूर्वी पुदिन्याच्या तेलासाठी वापरलेले हे पिंप देणगीत मिळालेले.

इथे आपल्या कामाची गोष्ट म्हणजे एकच जागा आणि एकामागून एक बॅचेस. पहिल्या गटाने बांधलेलं लोक कसं वापरतात, हे दुसऱ्या गटाला बघायला मिळतं. दुसऱ्याच्या आधीच पहिला गट पास होऊन गेला असला तरी जागा तिथेच असते. आपल्याकडे उलटं होतं. दरवर्षी नवी जागा, नवा विषय, आणि मागच्या वर्षीच्या जागेचं काय झालं हे कुणाच्याच फाईलमध्ये नसतं. तुमच्या विभागात मागच्या पाच वर्षांत कुणी एखाद्या बागेवर एम.एससी. किंवा एम.आर्क.चं काम केलं असेल, तर तीच बाग घ्या. ‘आधीची स्थिती’ तुम्हाला आयती मिळेल. वेळेत मागे जाऊन डेटा गोळा करता येत नाही, त्यामुळे जुन्या प्रबंधातला एक साधा तक्तासुद्धा सोन्यासारखा असतो.

सुधारणा मोजायची कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा तुमच्या गटाने एक बाग सुधारली. मे महिन्यात मोजलं तेव्हा तासाला सरासरी ४० माणसं येत होती. काम झाल्यावर जानेवारीत मोजलं तर ७० आली. अहवालात तुम्ही लिहिणार, “वापर ७५ टक्क्यांनी वाढला.” व्हायव्हाला परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील, “मे महिन्यात दुपारी कोण जातं हो बागेत?”

ऋतू, सुट्ट्या, परीक्षा, गणपती, शेजारी सुरू झालेलं मेट्रोचं काम, या सगळ्याने आकडा हलतो. म्हणून तुलनेसाठी दुसरी बाग लागते: साधारण तेवढीच, तशाच वस्तीतली, जिथे काही बदल केलेला नाही. समजा तिथे त्याच दिवशी मोजल्यावर ३८ चे ५५ झाले. म्हणजे काहीही न करता १७ वाढले. तुमच्या बागेत ३० वाढले. तुमच्या कामाच्या पदरात टाकता येतील असे फक्त १३. सांख्यिकीत याला ‘फरकांमधला फरक’ म्हणतात, पर्यावरणशास्त्रात याच धाटणीच्या आराखड्याला ‘बाकी’ म्हणतात: आधी-नंतर, नियंत्रण-प्रभाव. ही वजाबाकी चौथीतलं पोरही करेल. अवघड काम आहे ते योग्य तुलनेची जागा शोधणं.

दुसरा सापळा असा. सुधारायला आपण सगळ्यात वाईट बाग निवडतो. त्यात दयाबुद्धी असते, म्हणून कुणाला खटकत नाही. पण जी बाग यंदा सगळ्यात वाईट मोजली गेली, तिच्यात काही भाग वाईट नशिबाचाही असतो: पंप बिघडला असेल, माळी रजेवर असेल. पुढच्या वर्षी ती आपोआप थोडी बरी दिसण्याची शक्यता जास्त. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. तुम्ही हात लावला नसता तरी ती थोडी सुधारली असती, आणि श्रेय तुमच्या बाकांना गेलं असतं.

तिसरा सापळा सगळ्यात जास्त सिनॉप्सिसमध्ये दिसतो. “सँपल साइज ५००” असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ते सगळे ५०० जण एकाच बागेतले असतात. तुमचा प्रश्न ‘बागेतल्या बदलाचा परिणाम’ हा असेल तर तुमचं सँपल साइज ५०० नाही, १ आहे. एका बागेत कितीही माणसं मोजली तरी बाग एकच राहते. पाच हजार फॉर्म भरून घेतलेत तरी यात फरक पडत नाही.

५४१ रिकाम्या जागा आणि एक चिठ्ठी

या तिन्ही सापळ्यांना उत्तर देणारं काम पुन्हा फिलाडेल्फियातलंच आहे, म्हणून ते तिसरं घेतलं. तिथे पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या देखरेखीखाली रिकाम्या प्लॉटवर हिरवळ करण्याचा मोठा कार्यक्रम चालतो. पद्धत अगदी साधी. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत पेरायचं, चार झाडं लावायची आणि भोवती कमरेपर्यंतही न येणारं लाकडी कुंपण घालायचं. कुंपणाला आत जायला मोकळी वाट ठेवायची. मग नियमित कापणी.

हे कुंपण कशाला, असा प्रश्न पडतो. चोर थांबत नाही, गाय अडत नाही. पण ते बघितल्यावर कळतं की या जागेकडे कुणाचं तरी लक्ष आहे. जोन नॅसॉअर यांनी १९९५ मधल्या एका गाजलेल्या लेखात हेच मांडलं: निसर्ग अस्ताव्यस्त दिसला तरी त्याला नीटनेटकी चौकट दिली की लोक ती जागा ‘सांभाळलेली’ समजतात. आपल्याकडे झाडाला पार बांधतात, चुन्याची पट्टी मारतात. डिझाइनच्या भाषेत तोही असाच इशारा.

चार्ल्स ब्रनास, युजिनिया साउथ आणि सहकाऱ्यांनी या जागांवर रँडमाइझ्ड चाचणी केली, औषधाची करतात तशी. ५४१ रिकामे प्लॉट निवडले. ते जवळजवळच्या ११० गटांमध्ये बांधले आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका भागात पूर्ण हिरवळ. दुसऱ्या भागात फक्त कचरा उचलणं आणि गवत कापणं. तिसऱ्या भागात काहीच नाही. सगळ्यात वाईट जागा कुणी हाताने निवडली नाही, त्यामुळे सरासरीकडे परतण्याचा परिणाम तिन्ही भागांत सारखाच. आणि एकक माणूस नव्हे, तर जागांचा गट.

गट का? तुमच्या घरासमोरचा प्लॉट हिरवा झाला आणि शेजारचा नाही, तर तुम्ही कोणत्या भागात मोजायचे? परिणाम शेजारी सांडतो. म्हणून जवळच्या जागा एकत्र ठेवाव्या लागतात.

निकाल २०१८ मध्ये आले. आसपासच्या रहिवाशांच्या मुलाखती आधी आणि नंतर घेतल्या होत्या. काहीच न केलेल्या भागाच्या तुलनेत, पूर्ण हिरवळ झालेल्या ठिकाणी उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत ६८.७ टक्क्यांनी. नुसता कचरा काढलेल्या भागात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक असा बदल दिसला नाही. पोलिसांच्या नोंदींवर आधारलेल्या दुसऱ्या लेखात, सुधारलेल्या जागांभोवतीच्या गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीच्या हिंसेत सुमारे २९ टक्के घट नोंदवली आहे. गुन्हे शेजारच्या गल्लीत सरकले का, हेही त्यांनी तपासलं. खर्च एका प्लॉटमागे सुमारे १,६०० डॉलर, आणि देखभालीला वर्षाला सुमारे १८० डॉलर.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘उदास वाटतं’ हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, डॉक्टरांचं निदान नव्हे. आणि कचरा काढलेल्या भागात ‘ठळक फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘फरक नसतोच’ असा होत नाही. जर्नल क्लबमध्ये कुणी तसं म्हणालं तर तिथेच थांबवा.

अशी चाचणी तुम्हाला पीएच.डी.त जमेल का? बहुतेक नाही. पण तिचा सांगाडा उचलता येतो. तीन बागा सुधारायच्या असतील आणि तीन तशाच ठेवायच्या असतील, तर कोणत्या आधी घ्यायच्या ते चिठ्ठी टाकून ठरवा. उरलेल्या तीन पुढच्या वर्षी करा. म्हणजे तुलनाही मिळते आणि ‘आमच्या बागेचा फक्त डेटा घेतला’ असं कुणाला वाटत नाही.

डोळे आणि वही

मोठी साधनं नसतील तर निरीक्षण आहेच. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, किती वेळ थांबतात हे नोंदवलं. त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. त्यांचा एक निष्कर्ष ऐकून हसू येईल: लोक तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते. पण तोवर अनेक चौक बसायची सोय न करताच बांधले गेले होते. सरकवता येणारी खुर्ची लोकांना फार आवडते, बसण्याआधी ते ती इंचभर तरी हलवतात, हेही त्यांनीच टिपलं.

बागेसाठी आज ‘सोपार्क’ नावाची प्रमाणित पद्धत वापरतात. बागेचे विभाग पाडायचे. ठरलेल्या वेळी प्रत्येक विभागावर डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी दिसणाऱ्या माणसांची नोंद करायची: स्त्री की पुरुष, अंदाजे वयोगट, बसलेली, चालत असलेली की जोरात खेळत असलेली. नाव नाही, फोटो नाही. दोन निरीक्षकांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकडे कितपत जुळतात ते तपासायचं. आपल्याकडे सकाळी सहाचे फिरायला येणारे, संध्याकाळी पाचची मुलं आणि रात्री आठनंतर कोण, या तिन्ही वेळा घेतल्याशिवाय बाग कळत नाही. दिवे लागल्यावर बायका किती उरतात, हा एकच आकडा कधी कधी अख्ख्या प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगतो.

विज्ञानवाल्यांनी बागेची जमीनही मोजावी. ठरावीक आकारमानाच्या नळीने माती काढायची, १०५ अंश सेल्सिअसला सुकवायची, कोरडं वजन भागिले नळीचं आकारमान. ही झाली बल्क डेन्सिटी. माती जितकी तुडवलेली, तितका आकडा जास्त, आणि मुळं व पाणी दोघांनाही आत शिरणं कठीण. जमिनीत लोखंडी कडी रोवून पाणी किती मिनिटांत मुरतं तेही बघता येतं. मिल क्रीकसारखी ‘पाणी मुरवणारी बाग’ आपल्या गावात करायची म्हणाल, तर आधी ही कडी रोवा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगांतून पाणी झरझर जातं आणि पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटल्या की वरच साचतं. मे महिन्यातल्या एका मोजणीवर आराखडा केला तर जुलैत बागेचं डबकं होईल.

लोकसहभाग म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये ‘लोकसहभाग’ हा शब्द असतो. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि शेवटी निर्णयाचा अधिकार लोकांकडे. आपण सभा घेतली, चहा-बिस्किटं दिली, फॉर्म भरून घेतले, की शिडीच्या मधोमध असतो. लिहिताना मात्र वरच्या पायरीवर असल्यासारखं लिहितो. कोणत्या पायरीवर आहात ते सरळ लिहा. विद्यार्थ्याच्या हातात पैसा किंवा परवानगी नसते, त्यामुळे वर जाता आलं नाही तर त्यात लाज नाही. लोकांना जे देता येणार नाही त्याचं चित्र रंगवून दाखवणं मात्र टाळा. रंगीत थ्री-डी व्ह्यू बघितलेली आजी पुढची तीन वर्षं विचारत राहते, “ते पाळणे कधी यायचे?”

आपल्या गावात सुरुवात करायची तर

मिल क्रीक फार लांबचं वाटत असेल तर पुण्याचं उदाहरण घ्या. सारसबागेतल्या गणपतीला लोक आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या काळात खरंच तळं होतं, नंतर तिथे बाग झाली. तळं गेलं, पण नावात राहिलं. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांमध्ये जो हाहाकार केला, त्यात अनेकांचे जीव गेले. आक्रसलेला ओढा आपली जागा मागायला आला, तेव्हा त्याच्या वाटेत घरं होती.

म्हणून कोणत्याही बागेवर काम सुरू करण्याआधी एक आठवडा नकाशांना द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, नगर भूमापन कार्यालयातला सिटी सर्व्हेचा नकाशा, महापालिकेचा डीपी, आणि गुगल अर्थवरची जुनी चित्रं, हे चार थर एकमेकांवर ठेवा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, “इथे आधी काय होतं?” ओढ्याकाठ, तळेगल्ली, खालची आळी अशी नावं कानावर आली की नकाशात परत शोधा.

त्यानंतर एका पानावर पाच गोष्टी लिहा आणि गाइडकडे न्या. तपासता येईल असं एक वाक्य. ते मोजायचं एक साधन. तुलनेची जागा. आधीची नोंद कधी आणि कोण घेणार. आणि तुम्ही गेल्यावर त्या झाडांना पाणी कोण घालणार, त्याचं नाव आणि हुद्दा. मुलांची निरीक्षणं किंवा मुलाखती असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या, नंतर घेता येत नाही.

पाचव्या मुद्द्यावर बहुतेकांचं पेन अडतं. अडलं तर जागा बदलायची गरज नाही. महापालिकेच्या उद्यान विभागात जा, सोसायटीत विचारा, शेजारच्या शाळेत जाऊन बघा. नाव मिळेपर्यंत झाडं लावायचा बेत पुढे ढकला आणि तोवर मोजत राहा. तुमची ‘आधीची नोंद’ तेवढीच भक्कम होईल.